सर्व्हरवरची सात घरं आणि एक पत्र

घरच्या सात माणसांना सर्व्हरवर सात घरं बांधून देणारा आमच्या गल्लीतला पहिला माणूस मी. शेवटचाही मीच असेन.

कॉलेजच्या लॅबमध्ये मी लिनक्सवर चालणारे कॉम्प्युटर सांभाळतो. घरी मात्र वहिनीच्या डोहाळजेवणाचे फोटो आबांच्या म्हशींच्या फोटोंत मिसळलेले! वैतागून जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केला. प्रत्येकाला वेगळं फोल्डर, वेगळा पासवर्ड. लिनक्समध्ये एक सोय असते. नवं खातं उघडलं की त्या माणसाचं फोल्डर (त्याला 'होम', म्हणजे घरच म्हणतात) आपोआप तयार होतं आणि नमुना-फोल्डरात जे ठेवलं असेल ते त्यात जाऊन पडतं. हळदीकुंकवाला सगळ्यांना एकच वाण, तसं.

त्या नमुन्यात मी स्वागताची चिठ्ठी टाकली. (निदान मला तसं वाटलं!) घाईत माझा अख्खा फोल्डरच ओतून सातही खाती उघडली होती, आणि त्यात मी दादाला लिहिलेलं पत्र होतं. 'दादा, तुझी नवी गाडी मीच फाटकाला घासली. बाबूकाकांच्या टेम्पोने घासली असं खोटं सांगितलं. माफ कर.' तीन आठवड्यांपूर्वी लिहिलेलं, पण द्यायची छाती होत नव्हती. खाली नावही घातलं नव्हतं. तिकडे दादा आणि शेजारचे बाबूकाका एकमेकांचं तोंड बघेनात.

पहिला फोन गडहिंग्लजहून आत्तीचा.

"आरं, माझ्या फोल्डरात हे काय लिवलंय? मी कवा गाडी घासली? मला सायकल बी येत न्हाय की!"

"आत्ती, वाचू नकोस, बंद कर!"

"दोनदा वाचून झालं!"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी, "भावजी, माझ्यात बी हाय! ह्यांची गाडी म्हणं मी घासली!" माडीवरून आबा गरजले, "मी तर त्या गाडीत अजून बसलो बी न्हाय!" घरातला एकेक माणूस न केलेल्या गुन्ह्याचा कबुलीजबाब हातात घेऊन बसला होता.

दादा अजून कामावरून यायचा होता. मी नमुन्यातलं पत्र उडवलं, पण वाटून झालेलं वाण परत येतं होय? मग सर्व्हरचा मालक या नात्याने सगळ्यांच्या फोल्डरांत शिरलो आणि एकेक प्रत पुसून टाकली. हुश्श!

दादा आला. सगळे एकदम पत्राचं सांगत त्याच्यावर तुटून पडले.

"कुठाय पत्र?" दादा म्हणाला.

"मगाशी हुतं की!" आबा मोबाईल उलटासुलटा करून बघायला लागले.

"माझ्यातलं बी गेलं!" वहिनी.

"सगळ्यांचं एकदम? दुसऱ्याच्या फोल्डरात शिराय येतंय व्हय कुणाला?" दादाने विचारलं.

"छ्या!" आबा अभिमानाने म्हणाले. "फकस्त ह्यालाच येतंय. सगळ्या किल्ल्या ह्याच्याकडंच हायत!"

दादाने माझ्याकडे बघितलं. मग बखोट धरून मला थेट बाबूकाकांच्या दारात उभं केलं. काका म्हशीची धार काढत होते.

"त्या दिवशी मी हितंच हुतो," ते मान वर न करता म्हणाले. "समदं बघितलं. पर म्हटलं, पोरगं शिकल्यालं हाय, आपणहून सांगंल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांची माफी मागितली, दादाचीही मागितली. पण आपणहून मी काय सांगितलं होतं, कपाळ? शिकलेला माणूस मी! गुन्हा केला, कबुलीजबाबाच्या सात प्रती काढून घरोघर वाटल्या, आणि सापडलो तो पुरावा नष्ट करताना!