फ्रिजवरचा फोटो

शेजारच्या मावशीची वारलेली माणसं दिवाणखान्यात असत आणि तिचा नवरा स्वयंपाकघरात, फ्रिजवर. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला सहा वर्षं लागली, आणि आली तीही माती खाल्ल्यावर.

आम्ही अमेरिकेत ट्रॉयला घर घेतलं तेव्हा ती सत्तरीला टेकली होती. मूळची व्हिएतनामची. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात आयुष्यभर उभं राहून काम केलेलं, आता एकटीच. मुलगी लांब, कॅरी नावाच्या गावात, एका औषध कंपनीत. मी पहिल्याच दिवशी तिची मावशी करून टाकली, कारण मला माणसांना नुसतं नावानं हाक मारता येत नाही. महिन्याभरात तिनं घराची एक किल्ली माझ्या हातात ठेवली. ‘मी पडले तर तू ये,’ म्हणाली. तिचं इंग्रजी तुटक होतं आणि माझं नागपुरी वळणाचं, पण आमचं अडलं कधीच नाही. ती किल्ली मी आमच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली.

एकच गोष्ट मला खटकायची. तिच्या पोर्चमधला दिवा दिवसाढवळ्याही चालू असायचा. आमच्याकडे भर दुपारी दिवा दिसला तर आई घर डोक्यावर घ्यायची, त्यामुळे माझा हात नुसता शिवशिवायचा. एकदा ती चार दिवस मुलीकडे गेली आणि झाडांना पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. मी दिवा बंद करून टाकला. ती परतली, बॅग हातातच ठेवून तिनं आधी दिवा लावला आणि मग कोट काढला.

दिवाणखान्यात भिंतीला लागून एक उंच टेबल होतं. त्यावर उदबत्त्या, चहाचे इवलेसे कप, फळं आणि तीन फोटो. वडील फ्रेंचांशी चाललेल्या लढाईत गेले, तेव्हा ती चार वर्षांची होती. थोरला भाऊ उत्तरेकडच्यांना जाऊन मिळाला आणि जंगलात मेला. धाकटी बहीण भाताच्या खाचरात उभी होती आणि वरून अमेरिकन विमान गेलं. हे सगळं तिनं मला पपनस सोलता सोलता सांगितलं, आणि सोललेल्या फोडी माझ्यापुढे सारल्या. ज्यांची ती विमानं होती त्यांच्याच देशात तिचा जन्म गेला. याचं काय वाटतं, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. एरवी मी काहीही विचारते.

नवऱ्याचा फोटो मात्र फ्रिजवर, दंतवैद्याच्या जाहिरातीच्या मॅग्नेटखाली. दक्षिणेच्या सैन्याचा गणवेश, पंचविशीचं वय, कान जरा मोठे. दूध काढताना ती त्याच्याकडे बघून काहीतरी पुटपुटायची. सैनिक, हरलेली बाजू, मध्ये पन्नास वर्षं. यात विचारायचं काय, असं मला वाटलं. उलट मला त्याची कीव यायची. बाकीचे तिघं फ्रेममध्ये ऐटीत बसलेत आणि या बिचाऱ्याला तेलाचे शिंतोडे.

मग आली सर्वपित्री अमावस्या. मी वडिलांचं पान दरवर्षी डेकवर ठेवते. आमच्या डेकवर कावळा फिरकत नाही, खार येते. वडिलांनी खारीच्या रूपानं यायचं ठरवलं असेल तर माझी हरकत नाही. त्या वर्षी माझ्या डोक्यात आलं की मावशीच्या नवऱ्याचंही काहीतरी करावं. मागे एकदा फोनवर त्या फोटोचा फोटो काढला होता. तो मोठा करून आणला, सोनेरी फ्रेम घेतली. वडिलांच्या फोटोसाठी पुण्याहून चंदनाचा हार आणला तेव्हा एक जास्तीचा घेऊन ठेवला होता, तो वर घातला.

‘दुसऱ्याच्या घरात किती इंटरफिअर करतेस यार,’ नवरा लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला. ‘आधी विचार तरी तिला.’

‘सरप्राइज विचारून देतात का?’ मी म्हटलं आणि निघाले.

खिरीची वाटी आणि फ्रेम मी तिच्यापुढे ठेवली. ज्यांच्या जाण्याचा दिवस माहीत नसतो त्यांच्यासाठी आमच्याकडे हा एक दिवस असतो, हेही उत्साहानं समजावलं. ती आधी हसली. नवऱ्याचा चेहरा एवढा मोठा तिनं कित्येक वर्षांत पाहिला नसेल. मग तिची नजर हारावर गेली. माझ्या वडिलांच्या फोटोवरचा हार तिनं पाहिला होता, आणि तो कशासाठी हेही विचारून घेतलं होतं.

तिनं हार काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटली.

‘हा अजून यायचा आहे,’ ती म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटोला हार घातला की माणूस गेला, हे आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं. आणि मी तिच्या माणसाला तिच्याच घरात मारून मोकळी झाले होते, वर खीर घेऊन.

तेव्हा ती त्याच्याबद्दल पहिल्यांदा बोलली. युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांत त्यानं तिला आणि तान्ह्या मुलीला गर्दीतून जहाजावर चढवलं. मी मागून येतो, म्हणाला. पुढे निर्वासितांच्या छावणीत एकानं सांगितलं, त्याला कैद्यांमध्ये पाहिलं. दुसऱ्यानं सांगितलं, एका होडीत चढताना पाहिलं. तिसरा काही न बोलता रडायलाच लागला, म्हणून तिनं त्याला पुढे विचारलं नाही. चौथ्या कुणाला कधीच विचारलं नाही. टेबलावरची माणसं मेलेली होती. हा नव्हता. म्हणून तो दिवा होता, आणि म्हणूनच मुलगी इतकी वर्षं बोलवत असूनही ती कॅरीला राहायला जात नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात तिला कॅन्सर निघाला. मी तिला ॲन आर्बरच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन जायची. येताना ती बहुतेक झोपलेली असे. सप्टेंबरात एकदा मात्र ती जागी होती.

‘तुझा तो दिवस कधी? दिवस माहीत नसलेल्यांचा?’

‘पुढच्या रविवारी.’

‘तो हार आहे अजून?’

मी गाडी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये घेतली. मला पुढे चालवताच येईना. ‘मावशी, तो येईल,’ मी म्हटलं. पन्नास वर्षांनी, कुठून, कसा, देव जाणे. पण त्या क्षणी तो यायला हवा होता, तिच्यापेक्षाही मला.

तिनं माझी समजूत काढली. ‘मी गेले की मुलगी माझा फोटो त्या टेबलावर ठेवील. हा फ्रिजवरच राहिला तर मी तिथंही एकटी.’

रविवारी मुलगी आली होती. मी खीर आणि वडे नेले, मावशीनं भात आणि आटवलेल्या रश्श्यातली मासळी केली. सोनेरी फ्रेम तिनं कपाटातून काढली, कपड्यांच्या घडीत जपून ठेवलेली. थोरल्या भावाचा फोटो जरा सरकवून तिनं नवऱ्याला त्याच्या शेजारी बसवलं. एकमेकांवर बंदुका रोखलेले ते दोघं आता खेटून होते. हार तिनं स्वतः घातला. मुलगी मदतीला पुढे झाली, तर तिला तिनं मागे सारलं.

मग ती फोटोशी बोलायला लागली. हळू, एकेक शब्द सुटा करून, मध्येच एखादा आकडा पुन्हा म्हणत. बराच वेळ. मुलगी माझ्या कानाशी आली. ‘शी इज गिव्हिंग हिम द ॲड्रेस,’ म्हणाली. घरापासून लांब मेलेला जीव वाट चुकतो, म्हणून त्याला सांगावं लागतं. देश, राज्य, गाव, रस्ता, घराचा नंबर. झिप कोडसुद्धा.

एवढ्यात मावशीनं माझ्याकडे बोट केलं आणि आणखी काहीतरी सांगितलं. मी विचारलं तेव्हा मुलगी डोळे पुसत म्हणाली, ‘आई घरी नसेल तर शेजारच्या इंडियन बाईकडे किल्ली आहे, असं सांगतेय.’

मी फोटोकडे बघून मान हलवली. दुसरं काय करणार?

मावशी डिसेंबरात गेली. मुलीनं घर विकलं, टेबल आणि मावशीचा धरून पाच फोटो कॅरीला नेले. नव्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात कुलूप बदललं, पोर्चमधला दिवा आता दिवसा बंद असतो. ती किल्ली आता कुठलंच दार उघडत नाही, हे मला कळतं. तरी बेल वाजली की मी आधी खिळ्यावरून ती हातात घेते आणि मग आमचं दार उघडते.