आमच्या गल्लीने पाळलेला मंगळवार

आमच्या खानदेशातल्या गावी रोगराई आली की वार पाळतात. मंगळवारी औत नाही, जातं नाही. गावातला माणूस बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. तो मरीमायचा दिवस. सुरतजवळच्या उधन्यात मी मागावरचा कारागीर म्हणून आलो आणि स्वतःच्या बारा लूमचा मालक झालो. असले वार मी गावीच सोडून आलो होतो, इथल्या आमच्या खानदेशी गल्लीने मात्र सोडले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात घरोघरी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. माझी बायकोही दवाखान्यात सलाईनवर होती. गल्लीतल्या बायकांनी पाच मंगळवार पाळायचं ठरवलं. मी पहिल्याच मंगळवारी लूम चालू केले. सुरतेत पर्वत पाटियाला बसणाऱ्या साड्यांच्या व्यापाऱ्याला माल द्यायचा शब्द दिला होता. तासाभरात बायका दारात उभ्या. पुढे शेजारची मावशी.

"भाऊ, आज वार शे. बंद कर."

"सहा चालू ठेवतो, सहा बंद."

"नही."

"बरं, दुपारपर्यंत."

"ही काय साडी शे का, भाव पाडाले? तुनी बायको सलाईनवर शे अन् तू खटखट लावस?"

मी चिडून मेन स्विच खाली ओढला आणि ओट्यावर येऊन बसलो. सगळे कारखाने बंद. इतक्या वर्षांत लूमच्या आवाजाशिवाय गल्ली मी कधी ऐकलीच नव्हती. नळाची वेळ होती. पायाखालून, गटाराकडून, खळखळ ऐकू आली.

कान लावला. हाक मारली. सगळे घरीच होते, म्हणून गटारावरची फरशी उचलायला दहा हात मिळाले. पिण्याच्या पाण्याचा पाइप गटाराच्या पाण्यातच फुटलेला होता. बायकांनी घरोघरी माठ ओतून टाकले. मी पालिकेत फोनवर फोन केले, माणसं आली, आणि जोड बसेपर्यंत मी त्यांच्या डोक्यावर उभा राहिलो.

त्यानंतर गल्लीत नवीन माणूस आजारी पडला नाही. बायको घरी आली. पाचव्या मंगळवारी मरीमायला नारळ, खण, दहीभात. माझं नाव कुणी घेतलं नाही, हे मी विसरलेलो नाही. पाइप मी शोधला, असं मी अजून गल्लीला ऐकवतो.

बायको एकदा चहा गाळता गाळता म्हणाली, "शोधलात ना. पण रोज तिथेच बसता, सोमवारी का नाही सापडला?"

यंदा आषाढात गल्लीने पुन्हा वार पाळायचं ठरवलं, तेव्हा मंगळवारी मेन स्विच मीच आधी पाडला. मावशी यायच्या आत.