गोष्टीतली मुलं, घरातली मुलगी

वृंदा पेणच्या एका शाळेत मराठी शिकवायची आणि सवड मिळेल तेव्हा मुलांसाठी साहसकथा लिहायची. तिच्या गोष्टींतली मुलं मे महिनाभर मोकाट असत. होडी वल्हवत, रानात वाट चुकत, तीन दगडांच्या चुलीवर रांधून खात. तिचं स्वतःचं लहानपणही रोह्याला मामाकडे असंच गेलं होतं. कुंडलिकेत डुंबायचं, करवंदं खात हिंडायचं आणि तिन्हीसांजेला घर गाठायचं. मोठी माणसं मध्ये लुडबुडू नयेत म्हणून प्रत्येक पुस्तकात ती पहिल्याच पानावर आईला परगावी पाठवून द्यायची.

यंदाच्या सुट्टीत तिच्या सहावीतल्या मनस्वीने परवानगी मागितली. वर्गमैत्रीण प्रतीक्षा खाडीकाठच्या गावात राहायची. तिथल्या जुन्या मिठागराच्या बांधावरून टोकाच्या रिकाम्या खोपटापर्यंत जायचं, भात शिजवायचा आणि परत यायचं. दोघींनीच. वृंदा चटकन नाही म्हणाली. मनस्वीने हट्ट केला नाही, एवढंच विचारलं, "मग गोष्टीतल्या मुलांना कशी सोडतेस?"

बरेच आढेवेढे घेऊन शेवटी वृंदाने प्रतीक्षाच्या आजीला, सगुणाबाईंना, फोन लावला. त्यांची हयात मिठागरात गेलेली. भरतीच्या आत पोरी परततील, असं त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी वृंदा लेकीला स्कूटरवरून सोडायला गेली ती सगुणाबाईंच्या ओट्यावरच बसून राहिली. पोरी तांदूळ नि कैऱ्या घेऊन बांधावरून दिसेनाशा झाल्या. दुपार झाली, खाडी भरत आली, तरी त्यांचा पत्ता नव्हता. बोलता बोलता सगुणाबाईही ओट्यावरून उठल्या. दोघी बांधाकडे गेल्या, तर मधला खचलेला भाग पाण्याखाली गेलेला.

वृंदा तशीच पाण्यात उतरायला निघाली. सगुणाबाईंनी तिचा दंड धरला.

"थांब गो. ती बघ, खोपटावर ओढणी बांधलीय. पानी बघून थांबल्यात पोरी."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटतं तर. पन आता उतरलीस तर चिखलात रुतशील. ओहोटी लागली का येतील."

दोघी तिथेच बसून राहिल्या. आपल्या मामीनेही कधी असे डोळे लावून वाट पाहिली असेल, हे वृंदाच्या मनात आज पहिल्यांदाच आलं. करवंदांच्या नादात उशीर झाला की मामी न रागावता पान वाढायची, तिचे डोळे मात्र लाल असायचे.

उन्हं उतरता उतरता पाणी ओसरलं आणि पोरी एकमेकींचा हात धरून, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून आल्या. भात करपला होता, कैऱ्यांवरच भागवलं होतं. वाट बंद झालेली बघून मनस्वीला रडू आलं होतं, तेव्हा ओढणीची युक्ती प्रतीक्षाला सुचली. वृंदा रागावली नाही. तिने लेकीला जवळ घेतलं.

निघताना तिने सहज विचारलं, "आणखी काय काय केलंत गं?"

"ते आमच्या दोघींचं आहे," मनस्वी म्हणाली.

वृंदाने मान डोलावली आणि स्कूटर सुरू केली.