देवांचा ओटा आणि दोघांचे दुखणे

विघ्नहर्त्या गजाननाला, कुलस्वामिनीला आणि ज्यांच्या चरणांशी बसून चार अक्षरे शिकलो त्या गुरुजनांना वंदन करून हे लिहितो. निमित्त असे की, आमच्या घरचे देव आज जमिनीवरच्या देव्हाऱ्यातून उठून नव्या, उंच ओट्यावर विराजमान झाले. ज्या पैशातून तो ओटा उभा राहिला, त्याने मला बरेच दिवस आतून जाळले होते. शुभ दिवशी हेही सांगून टाकलेले बरे.

मी पौरोहित्य करणारा मनुष्य. आदिलाबादेत माझे आयुष्य गेले. प्रवचनात षड्रिपूंचा विषय निघाला की काम, क्रोध, लोभ यांवर मी भरपूर बोलत असे आणि सहाव्यापाशी, मत्सरापाशी, आवरते घेत असे. हेवा करावा असे कुणाचे काही मला दिसतच नव्हते. तो रिपू माझ्या घरी आला तो माझ्या पत्नीच्या मोडलेल्या मनगटाच्या वाटेने.

एका यजमानाकडची वास्तुशांती आटोपून आम्ही दोघे इचोड्याहून सामायिक रिक्षाने परतत होतो. मागून येणाऱ्या मालवाहू टेम्पोने धडक दिली आणि रिक्षा रस्त्याकडेच्या खड्ड्यात कलंडली. पत्नीच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले, माझ्या गुडघ्याची वाटी फुटली. ती मोठ्याने ओरडली. मी डोळे मिटून नामस्मरण करू लागलो. ढाब्यावरची माणसे धावत आली ती सरळ तिच्याकडे. माझ्याकडे पाहून कुणीतरी हिंदीत म्हणाले, "पंडितजी ठीक हैं, जप कर रहे हैं." फुटलेल्या गुडघ्यानिशी मी त्या खड्ड्यात पडून होतो, आणि तिला तेवढ्यात पाणीसुद्धा मिळाले होते.

घरी आल्यावरही तेच. तिचा हात गळ्यात बांधलेला, सर्वांना दिसणारा. माझा पाय धोतराखाली झाकलेला. गल्लीतल्या बायका येत, तिची वेणी घालून देत, कणीक मळून ठेवत, डब्यात भाजी आणत. जाता जाता मला विचारत, "काका, तुमी बरे ना?" मी म्हणे, "ईश्वरकृपेने आनंद आहे." प्रकृती विचारणाऱ्याला दुसरे उत्तर द्यायचे नसते, हा आमच्या घराण्याचा रिवाज. मग त्या पुन्हा तिच्याकडे वळत.

पुढे विम्याच्या भरपाईचा दावा लोकअदालतीत आला. आमच्या वकिलांनी आधीच समजावून सांगितले होते की औषधपाण्याचा खर्च वेगळा, बुडालेली कमाई वेगळी, आणि सोसलेल्या वेदनांची भरपाई वेगळी. वेदनेलाही मोबदला असतो हे ऐकून मला संकोच वाटला होता. न्यायाधीश बाई तेलुगू भाषिक होत्या, अतिशय सौजन्याने त्यांनी मला हिंदीत विचारले, "पंडितजी, अब दर्द कैसा है?"

माझे हात आपोआप जोडले गेले. "भगवान की कृपा से आनंद है," मी म्हणालो. विमा कंपनीचे वकील हसले. आमच्या वकिलांनी कपाळावर हात ठेवला.

मग पत्नीची पाळी आली. तिचे माहेर नार्नूरकडचे, बोलणे तिकडचे. "बाईसाहेब, भाकर थापता येत नाही मले," असे म्हणून तिने न्यायासनासमोरच्या टेबलावर उजवा पंजा ठेवला आणि भाकरी फिरवायची तसा फिरवू लागली. पंजा अर्ध्यावर अडकला. तिच्या डोळ्यांत पाणी आले. वकिलांनी भाषांतर करण्याआधीच न्यायाधीश बाईंनी मान हलवली होती.

वेदनांपोटी तिला मंजूर झालेली रक्कम माझ्याहून पुष्कळ जास्त होती. मी बाहेर येऊन वकिलांना कारण विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, आनंदाची भरपाई कुठल्या कायद्यात बसवू?"

पैशाचे मला काही नव्हते, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले, आणि ते बरेचसे खरेही होते. मला सलत होते ते वेगळेच. एका परक्या, विचारी बाईने आमच्या दोघांकडे पाहिले आणि पत्नीचे दुखणे मोठे ठरवले. त्या संध्याकाळी पत्नी शेजारणींना अदालतीची हकीकत सांगत होती, पंजा फिरवून दाखवत होती, आणि मी ओसरीवर बसून मनात म्हणत होतो की, माझा गुडघाही कुठे पुरता वाकतो?

याहून मोठे दुःख पूजेचे होते. मांडी घालून पाटावर बसणे मला आता अशक्य होते. खुर्चीवर बसावे, तर देव खाली आणि माझे पाय त्यांच्या पुढ्यात. ते माझ्याने कदापि होणे नव्हते. म्हणून रोजची पूजा पत्नीकडे गेली. जन्मभर जे आसन माझे होते त्यावर ती बसे, आणि मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहून मंत्र म्हणे. ती डाव्या हाताने देवांना गंध लावताना पाहून एकदा माझा तोल गेला.

"डाव्या हाताने गंध लावू नये," मी म्हणालो.

"मंग उजवा कुठून आणू?" ती न वळता म्हणाली. "देवाले ठाऊक हाय कोणता मोडला ते. तुमालेच इसर पडून राह्यला."

तिचे दुखणे देवालाही ठाऊक, आणि माझे? त्या दिवशी मंत्र म्हणताना माझा आवाज नको तितका चढला होता.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळीच एक गवंडी दारात उभा राहिला. "काका, जरा खुर्चीवर बसता का?" मी बसलो. त्याने टेप काढून जमिनीपासून माझ्या छातीपर्यंत माप घेतले आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. मी पत्नीकडे पाहिले.

"देव वर घेते," ती म्हणाली. "खुर्चीत बसले तरी तुमच्या छातीसंग येतील अशा बेतानं. पाय खाली, देव वर. मंग तं चालते ना तुमच्या शास्त्राले?"

"पैसे?"

"माह्या हाताचे आले ना."

कोणत्याही सुजाण माणसाचे मन या क्षणी भरून आले असते. माझेही आले, पण त्याच्या तळाशी तो सहावा रिपू बसलेलाच होता. आता आमचे देवही तिच्या वेदनेवर बसणार! विटांची भिंत चढत गेली तसतसा मी अस्वस्थ होत गेलो. शेवटी वर बसवायच्या काळ्या कडप्प्याचा विषय निघाला, तेव्हा मी म्हणालो, "तो दगड माझ्या भरपाईतून आणायचा."

"तुमच्या?" तिने डोळे मोठे केले. "तुमाले तं आनंद हाय ना? कोर्टात सांगून आले."

गवंडी थापी हातात धरून ऐकत होता. मी खाली पाहिले. "दुखते," मी म्हणालो.

"काय?"

"गुडघा दुखतो. बसताना, उठताना, कूस वळताना. पहिल्या दिवसापासून दुखतो."

"अवो, मंग तवा काऊन नाही बोलले?"

"तू बोलत होतीस."

ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. मग तशीच येऊन तिने डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, सुजेवरून हलकेच फिरवला, आणि माझ्याकडे बोट दाखवत गवंड्याला म्हणाली, "मिस्तरी, कडप्पा यायच्या दुखण्याचा आणा. चांगला जाड पाहून."

आज सकाळी त्या कडप्प्यावर आम्ही देव मांडले. मी खुर्चीत बसून उजव्या हाताने गंध लावले, तिने डाव्या हाताने फुले वाहिली. हेवा माझ्या मनातून समूळ गेला असे मी म्हणणार नाही. प्रसादाला आलेल्या शेजारणीने आधी तिच्याच मनगटाची चौकशी केली, तेव्हा मी मुद्दाम खाकरलो. पत्नीने लगेच सांगितले, "यायचा गुडघाही लय दुखते, बरं का." शेजारीण माझ्याकडे वळली. तिने विचारले आणि मी, आनंद आहे असे न म्हणता, तिला सविस्तर उत्तर दिले.

वाचकहो, आपल्या घरातील प्रत्येक दुखण्याला विचारणारे माणूस लाभो, आणि विचारल्यावर खरे सांगण्याचे धैर्य लाभो. आपले देव आपल्या छातीशी असोत. आपले, आपल्या मुलाबाळांचे, सर्व कुटुंबाचे कल्याण असो. शुभं भवतु.