सोडियम मोठा नव्हताच

“हे गोटे नाहीत मॅडम, माह्या वावरातली माती हाये,” म्हणत प्रमिलाताईंनी दोन ढेकळं माझ्या टेबलावर ठेवली. पेनाने ठोकली तर टणटण वाजली.

मी मंगरूळपीरला एका माती परीक्षण लॅबमध्ये केमिस्ट आहे. प्रमिलाताई आसेगावच्या. दोन वर्षं त्या नव्या बोअरचं पाणी संत्र्याला देत होत्या. आता जमिनीत पाणी मुरेना, झाडं पिवळी पडली. शेती सामाईक, आणि दिराने बाग उपटायचं ठरवलं होतं. सोमवारी जेसीबी येणार होता. आज शुक्रवार.

त्यांच्या सॅम्पलचा रिपोर्ट तयार होता. सोडियम जास्त, बहुतेक बोअरच्या पाण्यातून आलेलं.

मी नेहमीचं सांगितलं, “सोडियम आकाराने मोठा. तो मातीच्या कणांमध्ये घुसतो आणि त्यांना फाकवतो. कॅल्शियम लहान, तो कण जवळ ठेवतो. जिप्सम टाका, त्यात कॅल्शियम असतं.”

त्या भिंतीवरचा तक्ता वाचत होत्या. “बारावीले सायन्स होतं माह्यं. इथं तं दोघं सारखेच लिहेल हायेत.”

मी उठून पाहिलं. अणूचा आकार, पिकोमीटरमध्ये: सोडियम १८६, कॅल्शियम १९७. आयनचा: सोडियम १०२, कॅल्शियम १००. कुठलाही रकाना घ्या, सोडियम माती फाकवण्याइतका मोठा नव्हताच. इतकी वर्षं मी शेतकऱ्यांना काय सांगत होते?

“अणूचा आयन झाला तं एवढा बारीक काहून होते?” त्यांनी विचारलं.

हे मात्र मला येत होतं. सोडियमच्या अणूत सगळ्यात बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो. तो गेला की ती कक्षाच रिकामी होते, आणि उरलेले इलेक्ट्रॉन केंद्राकडे घट्ट ओढले जातात. अणू जवळजवळ अर्धा होतो. कॅल्शियमचे दोन जातात, तोही तसाच आक्रसतो. क्लोरिनचं उलटं. तो एक इलेक्ट्रॉन घेतो, इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात आणि तो फुगतो.

“मंग माती फाकवते कोण?”

आमचे साहेब केबिनमधून म्हणाले, “मॅडम, जिप्सम लिहून द्या न मोकळ्या व्हा.”

“साहेब, घरी भाऊजीले मले सांगा लागते,” प्रमिलाताई म्हणाल्या. “नुसतं कागदावर थे आयकत नाहीत.”

मीही आता थांबणार नव्हते. दोन इलेक्ट्रॉन गेले म्हणजे कॅल्शियमवर दोन धन प्रभार. सोडियमवर एकच. मातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो. म्हणजे फरक आकाराचा नव्हता, पकडीचा होता. कॅल्शियम कणांना घट्ट धरून एकत्र आणतो. सोडियमची पकड ढिली, मध्ये पाणी शिरतं, कण सुटे होतात आणि जमिनीची भोकं बुजवतात; वाळली की तीच माती दगडासारखी होते.

“भाऊजींना बोलवा,” मी म्हणाले.

ते मोटरसायकलवर येईपर्यंत मी ढेकळं कुटली. दोन काचेच्या नळ्यांत माती आणि डिस्टिल्ड वॉटर घातलं. एकीत चिमूटभर जिप्सम. दोन्ही हलवून ठेवल्या. इतक्या वर्षांत हा प्रयोग मी स्वतः कधी केलाच नव्हता.

भाऊजी आले, घड्याळ बघत उभे राहिले. जिप्समच्या नळीत माती गोळा होऊन खाली बसू लागली. वर स्वच्छ पाणी दिसलं. दुसरी चहासारखी गढूळच. साहेबही बाहेर येऊन वाकून पाहू लागले.

भाऊजींनी दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. “माती एकच हाये ना?”

“तुमच्याच वावरातली. वहिनींनी आणलेली.”

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. “जेसीबीवाल्याले नाही म्हणतो.”

जिप्सम टाकलं, कॅल्शियमने जागा घेतल्यावर सुटलेलं सोडियम वाहून जावं म्हणून चर खणले, बोअरचं पाणी बंद करून विहिरीचं दिलं. काही झाडं गेलीच. पुढच्या पावसाळ्यात मात्र वावरात पाणी मुरलं आणि उरलेल्या बागेला नवी पालवी फुटली.

माझा जिप्समचा सल्ला आधीपासून बरोबर होता, मी देत असलेलं कारण तेवढं चुकीचं होतं. आता खरं कारण सांगते. त्याला दहा मिनिटं जास्त लागतात आणि साहेब कुरकुरतात.