बंद बसमधलं सरकार

नांदेडहून लातूरला जाणारी बस अहमदपूरच्या अलीकडे बंद पडली आणि आम्ही सगळे कंडक्टरवर तुटून पडलो. एकानं तर त्याची गचांडीच धरली. तेवढ्यात मागच्या सीटवरचे एक म्हातारे गृहस्थ छत्री घेऊन उतरले. खडू झटकावा तसे ते रिकामे हात झटकायचे आणि मगच बोलायचे.

"तीस सालच्या आसपास अमेरिकेत मंदी आली, बँका बुडाल्या, लोकं लई चिडली," ते म्हणाले. "तवा तिथल्या सरकारनं सगळ्यांना कामं दिली. कुणाला झाडं लावायला, कुणाला भिंती रंगवायला. तुमी काय नुसते भांडून राहिले?"

आणि छत्रीनं माणसं दाखवत त्यांनी कामं वाटली. दोघांना चाकाखाली दगड लावायला, चौघांना झाडाखालची जागा साफ करायला. उदगीरच्या एका बाईंनी भाकरीचा डबा सोडला, त्यांना अन्नखातं मिळालं. एका बँडवाल्याला सनई वाजवायला बसवलं. गचांडी धरणारा कंडक्टरला भाकरी वाढायला लागला. मी लिहितो म्हटल्यावर म्हणाले, "तिथं लिहिणाऱ्यालाबी पगार होता. तुमी हे सगळं नीट बघून ठेवा."

गाडी शेवटी ड्रायव्हरनं एकट्यानंच दुरुस्त केली. आमच्या एकाही कामाचा त्याला उपयोग झाला नाही, पण दमून खूश झालेली अशी बस मी पुन्हा पाहिली नाही.

"तुम्ही कोणतं काम घेतलं?" मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं.

"म्या सरकार."

बस हलली तेव्हा सरकार माझ्या खांद्यावर डोकं टेकून घोरत होतं, आणि मी नेमून दिल्याप्रमाणे नीट बघत होतो.