पडद्यावर आलेला गण

सोलापूरचा माणूस पिच्चर गप्प बसून बघत नाही. पडद्यावरच्या हिरोला तो सल्ला देतो, हिरोइनच्या बापाला शिव्या घालतो आणि बाहेर पडताना डोअरकीपरला थांबवून पिच्चरचा निकाल सांगतो. सिद्धाप्पाच्या पिच्चरचा निकाल असाच लागला, भर दुपारी, त्याच्या आईच्या देखत.

सिद्धाप्पा म्हणजे बाळीवेशीमागच्या गल्लीतला शेंगाचटणीवाला. चाळिशीला आलेला, अंगानं दणकट. सकाळ झाली की उखळापाशी बसायचा आणि भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट कुटत राहायचा. लग्न झालं नव्हतं, होणारही नव्हतं, कारण त्याचा चेहरा. जन्मापासून उजव्या गालावरचं मांस वाढून खाली लोंबलं होतं. त्यानं डोळाही खाली ओढला होता आणि नाक एका अंगाला सरकवलं होतं. नवं गिऱ्हाईक त्याला बघून दचकायचं आणि आपण दचकलो नाही हे दाखवायला चटणी जरा जास्तीच घ्यायचं.

गल्ली मात्र दचकत नव्हती. ही सावित्रम्माची, त्याच्या आईची करणी. पोर जन्मलं तेव्हा गल्लीतल्या बाया बघायला आल्या. दुपट्याचा कोपरा उचलला की एकेकीचा पदर तोंडाला जायचा आणि ती मागच्या मागे उंबरा ओलांडायची. एकजण तर तोंडावर बोलली, "हे काय जन्माला घातलंस गं?" ओली बाळंतीण सावित्रम्मा बाजेवर उठून बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "शिवाचा गण आलाय माझ्या घरी. बघायचं असंल तर आदी हात जोडा!"

गल्ली लिंगायतांची. शिवाचे गण कसे असतात हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुणाला तोंड नाही, कुणाला दहा तोंडं, कुणी वाकडा, कुणी थोटा. पण ती देवाची खास माणसं. त्यावर वाद कोण घालणार? बायांनी हात जोडले. तेव्हापासून सिद्धाप्पा गल्लीचा गण झाला. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरली, देवाच्या लग्नाच्या अक्षता पडायचा दिवस आला, की तो अंगाला भस्म फासून गल्लीतल्या माणसांच्या पुढं, नंदीध्वजाच्या वाटेनं चालायचा. देवाच्या लग्नातला वऱ्हाडीच तो! म्हाताऱ्या वाकून त्याच्या पाया पडायच्या. वर्षभर मान खाली घालून कुटणारा सिद्धाप्पा त्या एका दिवशी ताठ चालायचा, आणि त्या एका दिवसाच्या जोरावर उरलेलं वर्ष काढायचा.

तर सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मुंबईची एक फाटकी सिनेमा कंपनी अक्कलकोट रोडला, कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यात शूटिंगला उतरली. येताना त्यांनी रबराचे भेसूर चेहरे करून आणले होते. पण सोलापूरचा मे महिना त्यांच्या हिशेबात नव्हता. दुपार झाली की रबर मऊ पडायचं, नाक ओघळून हनुवटीवर यायचं, चिकटवलेलं सगळं घामानं सुटायचं. डायरेक्टर डोक्याला हात लावून बसला होता. तेवढ्यात कंपनीच्या स्वयंपाक्यानं मागवलेली चटणी घेऊन सिद्धाप्पा आत आला. डायरेक्टरनं मान वर केली आणि त्याचा चेहरा उजळला. आपलं तोंड बघून कुणाला एवढा आनंद झालेला सिद्धाप्पानं जन्मात पाहिला नव्हता.

"काम करोगे?" असिस्टंटनं विचारलं. "कुछ नहीं, बदन पे राख लगाके धुएँ में से निकलना है."

राख म्हटल्यावर सिद्धाप्पाचे कान उभे राहिले. त्यानं भोवती नजर टाकली. एका बाजूला आग पेटवलेली, धूर कोंडलेला, बायामाणसं किंचाळत पळतायत आणि एका दाढीवाल्या म्हाताऱ्याला दहाजण मिळून ओढतायत. हे काय चाललंय ते लिंगायताच्या पोराला सांगावं लागतं होय? दक्षाचा यज्ञ! वीरभद्र आणि गण मिळून यज्ञाचा विध्वंस करतात तो प्रसंग! आता दक्षानं पांढरा कोट घातला होता आणि यज्ञकुंडाशेजारी काचेच्या बाटल्या मांडल्या होत्या हे त्याला जरा खटकलं. पण मुंबईची माणसं, पुराणसुद्धा आपल्या तऱ्हेनं करत असतील, असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली.

त्या दिवशी त्यानं उपास धरला. जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि धुरातून बाहेर आला. त्याच्या हातात कलिंगडाचा लालभडक गर दिला, चावून रस हनुवटीवर ओघळू द्यायला सांगितलं. यज्ञातला लुटलेला प्रसाद असणार, म्हणून तो भक्तीनं चावला. अडलं ते एकाच ठिकाणी. गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची पेटी काढ, असं असिस्टंट म्हणाला.

"जीव गेला तरी हे निघत न्हाय," सिद्धाप्पा म्हणाला.

"रहने दो, दिखाएँगे नहीं," डायरेक्टरनं लांबूनच सांगितलं, आणि काम उरकलं.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात पिच्चर सोलापूरला लागला. भोंगा लावलेला टांगा गल्लीतून फिरून गेला. पोस्टरवर एक विहीर, तिच्यातून वर आलेला हिरवा हात आणि किंचाळणारी बाई. नाव 'जहर का कुआँ'.

"जहर म्हंजे हलाहल की, अव्वा," सिद्धाप्पा आईला समजावून सांगत होता. "शिवानं पेलेलं."

त्यानं अख्ख्या गल्लीला आवतण दिलं. यात्रेत गल्लीचा मान सांभाळणारे गुरुबसप्पा अण्णा, करडे, कडक, सिनेमाचं नाव काढलं तरी कपाळाला आठी घालणारे. तेसुद्धा गणाचं काम बघायचं म्हणून धुतलेलं धोतर नेसून आले. सावित्रम्मानं जन्मात थेटरची पायरी चढलेली नव्हती. तिनं पदराच्या गाठीला बेलाची पानं बांधून घेतली. पडद्यावर गण आले की उधळायची.

दिवे गेले. सिद्धाप्पा खुर्चीच्या कडेला सरकून बघायला लागला. शिव कुठं दिसेना. दाढीवाला म्हातारा दक्ष नव्हताच, तो निघाला डॉक्टर. त्यानं कसलंसं औषध गावच्या विहिरीत ओतलं. ते पाणी पिऊन माणसं बदलायला लागली. कुणाला खवले फुटले, कुणाला तिसरा हात. तिसरा हात दोरीनं ओढलेला स्वच्छ दिसत होता.

"दोरी दिसतीया बे!" मागून कुणीतरी ओरडलं. थेटर खो खो हसलं.

"ते खवलं न्हाईत, बांगड्याच्या काचा चिकटवल्यात!"

"आमच्या गल्लीतलं बहुरूपी बरं की यापरीस!"

थेटर असं रंगात आलेलं असताना पडदा धुरानं भरला. आणि धुरातून सिद्धाप्पा आला.

हसू तिथल्या तिथं थांबलं. पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली. पोरं खुर्चीखाली गेली. भिंतीएवढा मोठा गाल, भिंतीएवढा खाली ओढलेला डोळा. स्वतः सिद्धाप्पानंही आपलं तोंड एवढं मोठं कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या घरात आरसा असायचा तो टिचभर. पडद्यावरच्या त्या प्राण्यानं एका पडलेल्या माणसावर वाकून लाल गोळा उचलला आणि दातानं तोडला. कलिंगड नव्हतं ते. माणसाचं काळीज होतं. रस नव्हता तो, रक्त होतं. आणि त्या रक्ताचे ओघळ जिथं थांबत होते, तिथं चांदीची पेटी लखलखत होती.

"लिंग हाय की रं गळ्यात!" बाल्कनीतून आवाज आला.

ज्या घरात अंडंसुद्धा कधी शिरलं नव्हतं त्या घरचा पोरगा लिंग गळ्यात घालून माणूस खात होता. गुरुबसप्पा अण्णा ताडकन उठले आणि कुणाकडं न बघता बाहेर चालते झाले. त्यांच्यामागून गल्लीतली निम्मी माणसं उठली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं सिद्धाप्पाला झालं. शेजारी बसलेल्या आईकडं बघायची त्याची छाती होईना.

"बाकी सगळा पिच्चर बंडल," मागचा माणूस आपल्या दोस्ताला सांगत होता, "पण ह्या एकाचा मेकप भारी हाय. कसा केला असंल रं?"

हे ऐकून सिद्धाप्पानं तोंडावर उपरणं ओढलं.

शेवटी हिरोनं सगळ्या बदललेल्या माणसांना जिनिंगमध्ये कोंडून आग लावली. रबराचा एक बाहुला, सिद्धाप्पाच्या तोंडाचा, ढणढण पेटला. लिंगायतात मेलेल्या माणसाला बसवून माती देतात, आगीला देत नाहीत. अंधारात एक सुरकुतलेला हात सिद्धाप्पाच्या खांद्यावरून वर आला, उपरण्याखाली शिरला, गाल, डोळा, नाक चाचपत फिरला आणि पडद्यावरची आग विझेपर्यंत तिथंच राहिला.

बाहेर दारात रामहरी डोअरकीपर उभा होता. सुटणाऱ्या गर्दीला विचारायचं आणि पिच्चर ठेवायचा की काढायचा ते मॅनेजरला सांगायचं, हा त्याचा नेम.

"कसा वाटला, मालक?"

"पैसं पाण्यात!"

"पोरं भ्याली लेका, रात्री निजायची न्हाईत."

"त्या लिंगवाल्या राक्षसाला आत टाकाय पायजे."

आणि हे बोलणारा उपरण्याखालचं तोंड बघून जागच्या जागी गोठला. त्याच्यामागचे दोघं मागं सरकले. बघता बघता सिद्धाप्पाभोवती रिकामी जागा झाली. मेकप नव्हता हे सगळ्यांना एकदमच कळलं.

गुरुबसप्पा अण्णा पायरीवर वाटच बघत होते.

"लिंग घालून माणूस खाल्लास?"

"अण्णा, कलिंगड हुतं ते. देवाशपथ. मला वाटलं दक्षाचा यज्ञ..."

"आख्ख्या गावानं काय बघितलं? कलिंगड बघितलं?" अण्णांचा आवाज चढला. "यंदा अक्षतांच्या दिवशी तू पुढं चालायचं न्हाय. शिवाचा गण असला नसतो!"

वर्षातला तो एकच दिवस होता सिद्धाप्पाकडं, आणि तो गेला. तो आईकडं वळला. ती बोलेल, चाळीस वर्षांपूर्वी बाजेवर बसून बोलली होती तसं पुन्हा एकदा ठणकावून सांगेल, अशी त्याला आशा होती.

सावित्रम्मा एकेक पायरी सांभाळत खाली आली.

"खरं हाय अण्णांचं," ती म्हणाली. "गण न्हाय तो. मी लबाड बोलले हुते."

सिद्धाप्पा आईकडं बघतच राहिला. पडद्यानंही दिला नव्हता असा हा तडाखा होता.

"अव्वा?"

"सुईणीनं तुला हातात दिला तवा मी वरडले. त्या पिच्चरमधली बाई वरडली की, आगदी तशी. तुला बाजूला ठिवा म्हनले. दिसभर घेतला न्हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मग रातीला लई रडाय लागलास. घेतला पदराखाली. तोंड दिसंना, नुसतं चोखत हुतास. समद्या पोरावानी चोखत हुतास. तवा माजं भ्याव गेलं. पर ह्या बाया दुसऱ्या दिवशी आल्या न् बघून पळाया लागल्या. अण्णा, तुमची आई बी पळाली. मी काय करणार? देवाचं नाव घेतलं." तिनं सगळ्यांकडं बघितलं. "देवाचं नाव घेतल्याबिगर तुमी कुनी त्याला बघितलाच नसता."

अण्णा धोतराचा सोगा सावरायला लागले. रामहरी बिचारा तर फारच अवघडला, आणि अवघडलेला माणूस जे करतो तेच त्यानं केलं. आपलं नेमाचं काम केलं.

"आज्जी... पिच्चर कसा वाटला?"

सावित्रम्मानं खरोखरच विचार केला.

"लई लांबलाय," ती म्हणाली. "न् माजं पोरगं दोनच बारी दावलं."

मायलेकरं चालतच घरी आली. घरी आल्यावर सिद्धाप्पा, दिवेलागण झाली तरी दिवा न लावता, उखळापाशी बसून राहिला. आई ओरडली होती. सगळ्यांत आधी तीच ओरडली होती. हे गिळायला त्याला बरेच दिवस लागले. कधी राग यायचा, कधी नुसतंच रडू. त्या दिवसांतली चटणी काही धड झाली नाही.

अक्षतांचा दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळी गुरुबसप्पा अण्णा, अंगाला फासायच्या भस्माची वाटी घेऊन दारात आले होते, आणि ती उंबऱ्याशी ठेवून गेले होते. सिद्धाप्पानं त्यातलं चिमूटभर भस्म कपाळाला लावलं, चारचौघं लावतात तेवढंच. धुतलेला सदरा घातला, आईचा हात धरला आणि पुढं न जाता गर्दीतून चालायला लागला.

वाटेत एका म्हातारीनं त्याला ओळखलं. दरवर्षीच्या सवयीनं ती त्याच्या पायाशी वाकली. सिद्धाप्पानं तिला खांद्याला धरून वरच्यावर उचललं.

"आज्जी, मी गण न्हाय. सिद्धाप्पा हाय मी. शेंगाचटणीवाला."

म्हातारीनं डोळे बारीक केले. आजवर हात जोडून खाली बघणाऱ्या तिनं पहिल्यांदाच त्याचं तोंड नीट न्याहाळलं. तो गाल, तो डोळा, ते नाक.

"तूच व्हय तो?" ती म्हणाली. "परवा नेलेल्या चटणीत मीठ लई पडलं हुतं की रं."